मघाशी की थोड्या वेळाने?

श्रोतेहो, 'परवा मामा आले होते' आणि 'परवा मामा येणार आहेत' ही दोन वाक्ये ऐकून आपल्या घरातले लहान पोरही गोंधळत नाही. पहिला परवा कालच्या मागचा, दुसरा उद्याच्या पुढचा. शब्द एकच, दिशा दाखविली ती क्रियापदाने.

फ्रेंच लोकांच्या रोजच्या बोलण्यात असाच एक प्रयोग आहे: 'तुतालर'. 'झ ले व्ह्यू तुतालर' म्हणजे 'मी त्याला मघाशी पाहिले'. 'झ ल व्हेरे तुतालर' म्हणजे 'मी त्याला थोड्या वेळाने भेटेन'. आपला परवा दिवस मोजतो. तुतालर मात्र बहुधा त्याच दिवसापुरता असतो. म्हणून निरोप घेताना ते 'आ तुतालर' म्हणतात: थोड्या वेळाने भेटूच!

याचे तुकडे पाडून अर्थ लावू नये. 'आ लर' म्हणजे वेळेवर, 'तू' म्हणजे सगळे किंवा अगदी. विद्यार्थी बेरीज करतो, 'अगदी वेळेवर', आणि फसतो. समजा, परक्या गावी आजारी माणसाला घेऊन आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टरांची चौकशी केली. उत्तरातला तुतालर ऐकू आला, पण क्रियापद निसटले. आता डॉक्टर येऊन गेले, की यायचे आहेत? थांबायचे, की रोग्याला दुसरीकडे न्यायचे? सारे त्या क्रियापदावर!

सतराव्या शतकात याच शब्दांचा अर्थ 'ताबडतोब' असा होता. ला फोंतेनच्या 1668 साली छापलेल्या लांडगा आणि कोकराच्या गोष्टीत ते याच अर्थाने आले आहेत. तिथे 'थोड्या वेळाने' असे वाचले तर कवीचा आवेशच जातो. आज ताबडतोबसाठी 'तु द स्वीत' म्हणतात. घाईचे शब्द असे सैल पडतातच. 'आत्ता आलो' म्हणून गेलेला माणूस केव्हा उगवतो, हे आपणांस ठाऊक आहे!

शिक्षकबंधुभगिनींनो, कोणतीही परभाषा शिकविताना शब्दापुढे नुसता अर्थ लिहून देऊ नका. दोन वाक्ये द्या, एक झालेल्या गोष्टीचे, एक व्हायच्या गोष्टीचे. आणि क्रियापदाखाली रेघ ओढायला सांगा. मुलगा बिचकला तर त्याला त्याचाच 'परवा' आठवून द्या. परक्या भाषेतली ही अडचण त्याने शाळेत येण्यापूर्वीच, आईजवळ बसून सोडविलेली असते.