ट्रंकेतली हार्डडिस्क आणि घरातला सर्व्हर

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



मला सांगितलं होतं की तंत्रज्ञानावर बोला. मी भविष्याबद्दल वगैरे बोलणार नाही. माझ्या घरात एक छोटं यंत्र आहे, चपलेच्या दोन खोक्यांएवढं. गेली काही वर्षं ते रात्रंदिवस चालू आहे. ते का बांधलं, कसं बांधलं आणि कुठे चुकलो, एवढंच सांगतो.

आमचं घर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं. त्या हिशेबाने अब्बांनी कागदपत्रांची ट्रंक पलंगावर ठेवली आणि सगळे मिरजेला खालाकडे गेले. आठवड्याने परत आलो तेव्हा पलंगासकट ट्रंक चिखलात होती.

त्या ट्रंकेत घराची कागदपत्रं होती, सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले होते, अब्बा-अम्मीचा निकाहनामा होता. मी घरातला इंजिनिअर. दोन वर्षं आधीच सुट्टीत बसून मी हे सगळं स्कॅन केलं होतं. एका बाहेरच्या हार्डडिस्कवर भरलं, सोबत घरातले सगळे फोटो टाकले आणि दादीचं एक रेकॉर्डिंगही. दादी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. ती जायच्या आधी मोबाइलवर तासाभराचं ध्वनिमुद्रण केलं होतं. आणि ती हार्डडिस्क मी कुठे ठेवली होती? त्याच ट्रंकेत, कागदांच्या शेजारी, सुरक्षित राहावी म्हणून.

पुण्यात एका दुकानात डिस्क दाखवली. उघडून ते म्हणाले, आतल्या तबकड्यांवर गाळ बसलाय, काही निघणार नाही. दाखल्यांच्या दुसऱ्या प्रती मिळवायला अब्बांना वर्षभर हेलपाटे घालावे लागले, पण बहुतेक मिळाल्या. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. अब्बा मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२०२० मध्ये टाळेबंदीत पुण्याच्या खोलीत बसून मी घरातला सर्व्हर बांधायचं ठरवलं. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोली आणि लोखंडी मांडण्या येतात. खरं तर दुसऱ्यांच्या कामासाठी सतत चालू राहणारा कुठलाही संगणक म्हणजे सर्व्हर. माझ्याकडे जागा कमी, म्हणून मी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेतला. तो १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. चार कोरचा साधा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क, एक एसएसडी आणि चार डिस्क मावतील असं छोटं कॅबिनेट. सगळं मिळून ५४ हजार रुपये गेले. तेव्हा पगार बेताचा होता, मी तीन महिन्यांत एक-एक भाग घेतला.

पहिली चूक तिथेच झाली. या छोट्या बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात. मी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन दोन्ही भरून टाकल्या. पुढे रॅम वाढवायची वेळ आली तेव्हा दोन्ही काढून टाकाव्या लागल्या. १६ जीबीची एकच पट्टी घेतली असती तर दुसरी खाच मोकळी राहिली असती. कार्ड लावायची खाचही एकच असते. जास्त डिस्क जोडायचं कार्ड लावलं की वेगवान नेटवर्कच्या कार्डाला जागा उरत नाही. म्हणून छोटं यंत्र बांधताना पुढच्या तीन-चार वर्षांचा विचार आधी कागदावर मांडावा.

दुसरी चूक गरम हवेची. मी ते यंत्र कपाटात ठेवून दार लावलं. मे महिन्यात डिस्कचं तापमान पन्नास अंशांच्या वर गेलं. आता ते कपाटाच्या वर आहे, मोठा सावकाश फिरणारा पंखा लावलाय आणि अम्मी आली की धूळ पुसते.

आता आत काय चालतं ते सांगतो. मी प्रॉक्समॉक्स नावाची प्रणाली टाकली. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि फुकट वापरता येते. तिच्या पोटात केव्हीएम आहे, जे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. त्यामुळे एका यंत्रात अनेक संगणक चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. एकाच्या घरात भांडण झालं तर दुसऱ्याचा स्वयंपाक थांबत नाही. कंटेनर नावाचा हलका प्रकारही असतो, त्यात खोल्या वेगळ्या पण स्वयंपाकघर सामाईक, म्हणून रॅम कमी लागते. माझ्याकडे एका बिऱ्हाडात घरचे फोटो आहेत, एकात कागदपत्रं, एकात माझे कामाचे प्रयोग. ही बिऱ्हाडं एसएसडीवर ठेवा. मी आधी हार्डडिस्कवर ठेवली होती आणि प्रत्येक गोष्टीला ताटकळत बसायचो.

दोन हार्डडिस्कवर मी झेडएफएस वापरतो. ही फाइल साठवण्याची पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जन्मली आणि २००५ मध्ये खुली झाली. मी दोन्ही डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून जोडल्यात. म्हणजे पैसे ८ टीबीचे, जागा ४ टीबीची, आणि पडद्यावर ती ३.६ दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी लिहून ठेवते. वाचताना खूण जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्कची अशी तपासणी होते.

तिसऱ्या वर्षी एक डिस्क गेली. मला मेसेज आला, मी नवी आणून लावली, रात्रीत सगळं परत भरलं गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दोन्ही डिस्क मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. एकत्र आलेल्या डिस्क मागेपुढे एकत्रच जाऊ शकतात. डिस्क वेगवेगळ्या वेळी घ्या.

इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लिहून घ्या. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एकदा रात्री दोन वाजता मी चुकीची आज्ञा टाइप केली आणि फोटोंचा अख्खा फोल्डर उडाला. आरशाने इमानदारीने तो दुसऱ्या डिस्कवरूनही उडवला. वाचलो ते स्नॅपशॉटमुळे. दर तासाला त्या क्षणाची नोंद ठेवली जाते, तीवरून फोल्डर परत आला. पण घराला आग लागली, चोरी झाली, पूर आला, तर आरसा, स्नॅपशॉट सगळंच जातं. माझी ट्रंक आठवा.

म्हणून मिरजेला खालाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, माझा जुना लॅपटॉप ठेवलाय. पहिली प्रत मी डिस्कवर भरून एसटीने घेऊन गेलो, कारण तेवढा डेटा तिथल्या इंटरनेटवरून जायला आठवडे लागले असते. आता रोज रात्री फक्त त्या दिवशीचा बदल जातो. तो कुलूपबंद होऊन जातो, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आधार कार्डं कुणाला वाचता येणार नाहीत. आणि त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून एक अब्बांकडे, एक आपाकडे दिलाय. मी उद्या नसलो तर घरच्यांनी काय करायचं, हा प्रश्न इंजिनिअर लोक विसरतात.

दर ईदला मिरजेला गेलो की मी त्या प्रतीतल्या चार-पाच फाइली उघडून बघतो. उघडून न बघितलेला बॅकअप आहे असं धरू नका.

आणखी दोन सूचना. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी कुठून कुठून दार ठोठावलं जातं ते नोंदींत दिसेल. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा वापरा. आणि यूपीएस घ्याच. लाइट सारखी जाते-येते, त्या झटक्यात डिस्क खराब होतात. विजेचं म्हणाल तर माझं यंत्र सरासरी ३८ वॉट खातं, म्हणजे महिन्याला साधारण २७ युनिट. आज बांधलं असतं तर कमी वीज खाणारा प्रोसेसर घेतला असता. १२ वॉटमध्ये भागलं तर महिन्याला नऊ युनिटही लागत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ५४ हजार कुठून आणायचे? आणू नका. घरात पडलेला जुना लॅपटॉप घ्या, रॅम ८ जीबी करा, बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा आणि सुरू करा. कचेऱ्यांतून निघालेले छोटे वापरलेले संगणकही बाजारात मिळतात.

माझी खालाची मुलगी मिरजेत बीसीए करत होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला आठवड्याला दोन तास मिळायचे. क्लाउडवर शिकायचं तर कार्ड लागतं आणि विसरून काही चालू राहिलं तर बिल येतं. तिला मी माझ्या सर्व्हरवर एक बिऱ्हाड दिलं. पहिल्याच आठवड्यात तिने अख्खी प्रणाली पुसून टाकली आणि रडत फोन केला, “भाईजान, मी तुमचा सर्व्हर मोडला.” मी स्नॅपशॉटवरून दोन मिनिटांत परत आणून दिलं आणि म्हटलं, आता पुन्हा मोड. त्या वर्षात तिने ते तीस-चाळीस वेळा मोडलं असेल. मुलाखतीत तिला विचारलं की मशीन सुरूच होत नसेल तर काय कराल. तिने तिच्या हातून काय काय मोडलं होतं ते सांगितलं. आज ती नोकरीत आहे आणि मिरजेचा लॅपटॉप तीच सांभाळते.

आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमातून आलोत. बिघडेल, कुणी हसेल, खर्च होईल, अशी भीती आपल्याला हात लावू देत नाही. बिघडलं तरी चालेल अशी एक जागा घरात असली की ती भीती जाते.

आज घरी गेल्यावर सर्व्हर बांधायची घाई नको. आधी आई-वडिलांची कागदपत्रं स्कॅन करा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याशेजारी बसून मोबाइलवर तासभर बोलणं रेकॉर्ड करा. मग त्याची एक प्रत अशा घरात ठेवा, जिथे तुमच्या घरातलं पाणी पोचणार नाही.