ट्रॉलीपासून कॅमेऱ्यापर्यंत

स्वतंत्र छायालेखकाला महिन्याचा पगार नसतो. मानधन बहुधा चित्रीकरणाच्या दिवसांवर ठरतं. आधी कॅमेरा अटेंडंट, मग फोकस सांभाळणारा सहायक, पुढे लघुपट, अशी अनेकांची चढण असते.

सौमेंदू रॉय यांचंच पाहा. कोलकात्याच्या टेक्निशियन्स स्टुडिओत ट्रॉली सांभाळणारे रॉय छायालेखक सुब्रत मित्रांचे सहायक झाले. मित्रांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि १९६१च्या ‘तीन कन्या’ चित्रपटाचा कॅमेरा रॉय यांच्या हाती आला.

१९६४ साली त्यांनी सत्यजित राय यांचा ‘टू’ हा लघुपट चित्रित केला. वाड्यातला श्रीमंत मुलगा, खाली झोपडीतला गरीब मुलगा. संवाद एकही नाही! खिडकीतून खाली, खालून वर, अशा नजरांतूनच कॅमेऱ्याने त्यांची चढाओढ सांगितली.

पुढे ‘अशनी संकेत’ चित्रपटाच्या रंगीत छायालेखनासाठी रॉय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.