बेल्ट लावला, पण तो गेला कुठून?



दिवाळीत आम्ही बडोद्याहून नाशिकला निघालो होतो. मागे बसलेली सात वर्षांची नात म्हणाली, "आबा, हा पट्टा गळ्याला लागतोय, काखेखालून घेऊ?" मी आरशातून पाहिलं आणि म्हणालो, "घे." आयुष्यभर जवानांना शिस्त शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर! दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर मलाच राहवेना, गाडी बाजूला घेतली.

मी कायदा मोडत होतो का? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने बांधलेलं नसेल, तर हजार रुपये दंड. माझा आक्षेप त्या 'किंवा'वर आहे. सात वर्षांच्या मुलाला नुसता मोठ्यांचा बेल्ट लावला तरी कायद्याचं समाधान होतं. ब्रिटनमध्ये काही अपवाद सोडले तर मूल 135 सेंटीमीटर उंच किंवा 12 वर्षांचं होईपर्यंत असं आसन लागतंच. आमची नात 118 सेंटीमीटर.

फौजेत पिट्ठू पाठीवर चढवताना पहिली गोष्ट सांगतात, भार हाडावर घ्या. बेल्टचंही तेच. खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर हवा. वरचा खांद्याच्या मधोमध. पण मुलाचे पाय सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. गुडघे वाकवायला ते पुढे घसरतं, पट्टा पोटावर चढतो. जोराची धडक बसली तर सगळा ताण आतड्यांवर. वरचा पट्टा काखेखाली असेल तर डोकं-छाती पुढे फेकली जाते आणि बरगड्या मार खातात.

बूस्टर काय करतो? मुलाला उंच करतो, बस्स. पट्टा जागेवर येतो. म्हणूनच त्याला कमर आणि खांदा दोन्हींवरून जाणारा बेल्ट लागतो. काही गाड्यांत मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा असतो, तिथे बूस्टर ठेवू नका. घरची उशी तर मुळीच नको, ती दबते आणि सरकते.

"मांडीवर घट्ट धरतो की," असं म्हणणारे भेटतात. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर वीस किलोचं मूल धरायला सुमारे 280 किलोचा जोर लागतो. मी माझ्या मुलीला अशीच मांडीवर घेऊन फिरवली आहे, तीही पुढच्या सीटवर. काही झालं नाही, हे नशीब.

नाशिकला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पाठ असलेला बूस्टर घेतला. जावई म्हणाले, "बाबा, चार वर्षांनी हा माळ्यावर जाणार."

म्हटलं, जाऊ द्या.