दारची पिवळी कोरांटी



युनियनचा माणूस बागेवर काय बोलणार, असा प्रश्न कित्येकांच्या चेहऱ्यावर मला इथूनच वाचता येतो. परंतु बागेचा प्रश्न हा पाण्याचा प्रश्न आहे, आणि आमच्या रेडीच्या खाणकामगाराच्या घरी पाण्याचा प्रश्न म्हणजे बाईच्या कमरेचा प्रश्न. वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला की हंडा घेऊन फेऱ्या तिलाच घालाव्या लागतात. त्यांतले दोन हंडे गुलाबाला घाल, असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून कष्टकऱ्याने दारात फूलच लावू नये काय? फूल ही चैन आहे, हे मला मुळीच मान्य नाही.

आमची जमीन जांभ्याची. चार महिने पाऊस कोसळतो आणि दिवाळीनंतर जी कोरड पडते ती मृगापर्यंत. अशा उन्हाच्या जागी पिवळी कोरांटी लावावी. हे झुडूप आपल्याच देशातले, वर्षानुवर्षे टिकणारे. संस्कृतात तो कुरंटक. दात-हिरड्यांच्या औषधांत वापरतात म्हणून वज्रदंती. लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, त्यातल्या ‘प्रायोनायटिस’मध्ये करवत आहे. कोरांटीचे काटे ज्याला बोचले आहेत, त्याला हे नाव समजावून सांगायला नको!

मृगाचा पाऊस स्थिरावला की वीतभर जून काडी तिरपी खोवावी. जागा उतरती हवी. पाणी तुंबले तर मूळ कुजते. शेणखताचा हव्यास नको, नाहीतर पानेच माजतात. पहिल्या उन्हाळ्यात भांडी विसळलेले पाणी अधूनमधून टाकले तरी पुरे. पुढे तिचे ती पाहते. बहर ओसरला की फांद्या निम्म्या छाटाव्यात, नाहीतर झुडूप तळाशी उघडे पडते. गुरे तिच्या वाटेला सहसा जात नाहीत, तेव्हा कुंपणाचा खर्चही वाचतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वाळलेले बोंड तडकून बी दूर उडते. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडे ती घरची आहे. तरी शेजाऱ्याच्या परड्यात रोपे उगवू लागली, तर ती आपणच उपटून द्यावीत.

वासाच्या नावाने शून्य, पण अबोलीशेजारी वळेसरात तिचा पिवळा रंग काय खुलतो! खुडताना देठाशी धरून हलकेच ओढावे. काटे पानांच्या बेचक्यात दडलेले असतात.