माशांची काळजी, यंत्राची आणि आपली

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना एकच प्रश्न पडतो : आपण गावाला गेल्यावर माशांकडे कोण बघणार? त्यावर हल्ली एक उत्तर मिळतं, कंट्रोलर बसवा. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

कंट्रोलर म्हणजे तळहातावर मावेल एवढा छोटा संगणक. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ इथे विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ हा बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला, म्हणून आज तो शाळकरी मुलांच्याही हातात आहे. त्याला पाण्यात बुडणारा तापमानाचा सेन्सर जोडायचा, बटन-सेलवर चालणारं घड्याळ जोडायचं आणि दिवा, हीटर, फिल्टर चालू-बंद करायला रिले लावायचे. मग सकाळी दिवा लागतो, आठ तासांनी बंद होतो. पुण्यातल्या थंडीत पाणी 25 अंशांखाली गेलं की हीटर सुरू होतो. हे सगळं जमतं, आणि जमलं की मजाही येते.

पण प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा : हे बिघडलं, तर मासे कोणत्या अवस्थेत राहतील?

फिल्टर घ्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्या जीवाणूंना सतत वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. म्हणून फिल्टर रिलेच्या ‘नॉर्मली क्लोज्ड’ बाजूला जोडायचा. कंट्रोलर बंद पडला तरी फिल्टर चालूच राहतो.

हीटरचं उलट. तो ‘नॉर्मली ओपन’ बाजूला, म्हणजे कंट्रोलर गेला की हीटर बंद. पाणी गार व्हायला वेळ लागतो, तोवर कुणाच्या तरी लक्षात येईल. पण रिलेचे संपर्कबिंदू चिकटून बसले, तर हीटर बंदच होणार नाही! म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 28 वर लावून ठेवायचा. एक पहारेकरी झोपला, तर दुसरा जागा हवा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजनही कमी मावतो : 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात.

खाद्य देणारी मोटर ही खरी खोडकर. प्रोग्रॅममध्ये ‘सुरू होताच खाद्य दे’ असं असेल, तर दिवसात पाच वेळा लाईट गेली-आली की पाच वेळा खाद्य पडणार. ते कुजून अमोनिया वाढणार. म्हणून शेवटचं खाद्य कोणत्या तारखेला दिलं, हे बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवायचं. तसंही निरोगी मोठे मासे दोन दिवस उपाशी राहिले तर मरत नाहीत. जास्त खाद्यानं मात्र मरतात.

आता पाण्याची भर. ओलीचा विषय आपल्या सर्वसाधारण सभेला नवा नाही, तेव्हा हे नीट ऐका! भर घालणारा पंप सोसायटीच्या नळाला कधीही जोडू नका. शेजारी पाच लिटरचा कॅन ठेवा. तीन फूट लांब, एक फूट रुंद टँकमध्ये पाच लिटरनं पाणी जेमतेम दोन सेंटिमीटर चढतं. वर चार सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर पंप अडकून राहिला तरी खालच्या मजल्याचं छत कोरडं राहील.

आणि मुलांनो, सेन्सर, बोर्ड, प्रोग्रॅम तुमचा. 230 व्होल्टची जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकाकांची. ईएलसीबी हवाच. वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं.

इतकं करूनही काही गोष्टी यंत्राला दिसत नाहीत. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतोय, एक जण कोपऱ्यात पंख मिटून बसलाय, पाण्याला वेगळाच वास येतोय, हे बघायला माणूसच लागतो. पाण्याचा काही भाग दर आठवड्याला बदलणं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणं, हेही आपल्याच हातचं काम. कंट्रोलर कष्ट वाचवतो, लक्ष ठेवण्याची जबाबदारी घेत नाही.

म्हणून गावाला जाताना कंट्रोलर चालू ठेवा, बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा, टँकवर चार ओळींची सूचना चिकटवा आणि घराची किल्ली शेजारी द्या. पंचवीस वर्षं या सोसायटीत एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे आहेत. माशांसाठी याहून भरवशाची व्यवस्था बाजारात मिळत नाही.