गरोदरपणातील अस्वस्थ पाय आणि घरच्यांचे कर्तव्य

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेतले कारकून आहोत. तरीही या विषयावर बोलायला उभे आहोत, कारण आमच्या हातून घरात एक चूक झाली.

आमची धाकटी बहीण आठव्या महिन्यात माहेरी आली होती. दिवसा ठीक असे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखे होई. उठून चालले की बरे, पडले की पुन्हा तेच. शेजारच्या आजींनी पायात काळा दोरा बांधायला सांगितले. आम्ही पदवीधर! दोरा बांधू दिला नाही, पण "बाळंतपण काय तुला एकटीलाच आहे? निमूट झोप," असे बोललो. अंधश्रद्धा नाकारली, पण तिचे ऐकूनही घेतले नाही. पुढे तिनेच डॉक्टरीणबाईंना सांगितले. रक्त तपासले, तेव्हा शरीरातील लोहाचा साठा फार कमी निघाला.

हे मनाचे खेळ नव्हेत. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७२ साली याचे वर्णन केले; १९४५ साली स्वीडनच्या एकबोम यांनी त्यास 'अस्वस्थ पाय' हे नाव दिले. पाच गरोदर स्त्रियांपैकी साधारण एकीला, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास होतो. लोहाची कमतरता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो. म्हणून फेरिटिनची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे विसरू नये.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. संध्याकाळचा चहा बंद करावा. झोपण्यापूर्वी थोडे चालावे, पोटऱ्या ताणाव्यात, हलके चोळावे. सर्दीची वा झोपेची गोळी मनाने घेऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. एकच पाय सुजून दुखू लागला तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा. तो आजार वेगळा आणि धोक्याचा.

बहुतेकींचा हा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातो. बहिणीचाही गेला. पण त्या रात्री ती एकटीच अंगणात फेऱ्या मारीत होती आणि आम्ही झोपलो होतो. मित्रहो, घरातली बाई रात्री उठून चालू लागली, तर तुम्हीही उठा. "काय होतंय?" एवढे विचारा. सकाळचे पाणी तुम्ही भरा, तिला निजू द्या. शिक्षणाचा उपयोग घरापासून सुरू व्हावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.