नांदत्या घरांचे लोणावळे

बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला, मुंबई आणि पुणे ही शहरे लोहमार्गाने अखंड जोडली गेली, आणि घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याला शहराचे रूप येऊ लागले. घाट चढून आलेल्या गाड्यांच्या इंजिनांची देखभाल, त्यांना लागणारे पाणी आणि ती चालविणारे कामगार यांची सोय येथेच करावी लागत असल्यामुळे रेल्वेची वसाहत वसली. भुशीचे धरणही मुळात वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठीच बांधलेले आहे. पाठोपाठ मुंबईचा उकाडा टाळू पाहणाऱ्या सधन पारशी आणि गुजराती कुटुंबांनी लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली या परिसरात प्रशस्त आवारांचे बंगले बांधले, १८७७ साली नगरपालिका स्थापन झाली, आणि पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण आणि शिरवते येथे धरणे होऊन त्यांचे पाणी खोपोलीस उतरविले जाऊ लागले, त्यावर निर्माण झालेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मूळ गावठाण, बाजारपेठ, रेल्वेची वसाहत आणि बंगल्यांची आवारे असे वस्तीचे चार थर या क्रमाने एकमेकांशेजारी रचले गेले असून जुन्या लोणावळ्यात राहणे म्हणजे या चारही थरांत राहणे होय.

येथील जुन्या घराची बांधणी पावसाने ठरविली आहे. पुण्यात वर्षभरात सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर रेल्वेने अवघ्या ६४ किलोमीटरवर असलेल्या लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणून येथे घराचे जोते, म्हणजे जमिनीपासून उचलून घेतलेला दगडी पाया, उंच ठेवले जाई. भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या असत. छप्पर तीव्र उताराचे, मंगलोरी कौलांचे असे, आणि त्याच्या पागोळ्या, म्हणजे कडांवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा, भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून ते पुढे ओढून त्याखाली व्हरांडा काढलेला असे. वाऱ्याबरोबर आडवा आत शिरणारा पाऊस, ज्याला झड म्हणतात, तो अडविण्यासाठी व्हरांड्याला लाकडी जाळ्या किंवा पावसाळ्यापुरते तट्टे लावले जात. आवारातील झाडांखालची मोकळी माती पाणी मुरवून घेई आणि उरलेले पाणी चरांवाटे ओढ्याकडे जाई, त्यामुळे एका आवाराचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात साचत नसे.

अशी घरे आपोआप टिकत नाहीत. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात, म्हणजे ती उतरवून, झाडून, फुटलेली बदलून पुन्हा बसवावी लागतात. पन्हळी आणि चर पाचोळ्यापासून मोकळे करावे लागतात. आणि पाऊस लागल्यावरही ओल कोठे धरते आहे, वासा कोठे मऊ पडतो आहे, यावर रोज नजर ठेवावी लागते. घरात चूल पेटते, दारे-खिडक्या उघडतात, हवा खेळते, तेव्हाच लाकूड कोरडे राहते. उलट एक फुटलेले कौल चार महिने कोणाच्या लक्षात आले नाही, तर त्याखालचा वासा कुजू लागतो. म्हणून लोणावळ्यात राहणे हीच घराची पहिली दुरुस्ती आहे. बंगल्यांच्या बाबतीत हे काम मालकांपेक्षा आवारातच राहणाऱ्या माळी आणि रखवालदार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि शहराच्या इतिहासात त्यांचे स्थान बंगला बांधणाऱ्याइतकेच मोठे मानले पाहिजे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर दोन्ही महानगरांतून येथे पोहोचणे सोपे झाले आणि जमिनीची मागणी वाढली. मोठ्या आवारांचे तुकडे पडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा पाणी मुरविणारी माती फरशीखाली जाते. जुने घर केवळ शनिवार-रविवारी उघडले जाते, तेव्हा त्याची रोजची राखण संपते. आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला जातो, तेव्हा भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होऊन दगडांमधला चुना खिळखिळा होतो.

जुन्या वस्त्यांचे संरक्षण कायद्याने करण्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत: मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली, आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली, तर माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकाम आणि वृक्षतोड यांवर विशेष निर्बंध असलेला प्रदेश, म्हणून घोषित झाले. अशा नियमांची गरज निर्विवाद आहे, परंतु नियम घर पाडण्यापासून रोखू शकतो, कौले चाळू शकत नाही. म्हणून लोणावळ्यासारख्या शहरात जुन्या घरांची नोंद करताना त्यांत बारमाही राहणाऱ्यांचीही नोंद व्हावी, चुन्याचे आणि कौलांचे काम जाणणाऱ्या गवंडी-सुतारांना तरुण शागीर्द मिळावेत, पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांना अर्थसाहाय्य मिळावे, आणि आवाराची विक्री होताना तेथे राबलेल्या कुटुंबाच्या निवाऱ्याचा विचार आधी व्हावा. या चार गोष्टी खर्चाने लहान आहेत, आणि त्या झाल्या तरच या शहराचा वारसा त्यात राहणाऱ्यांच्या हाती सुरक्षित राहील.